तिरके घर: सिल्चेस्टरच्या इन्सुला ९ मधले अठरा उन्हाळे

लंडनच्या पश्चिमेला, रेडिंग शहरापासून थोड्या अंतरावर, हॅम्पशर परगण्यात सिल्चेस्टर नावाचे खेडे आहे. खेड्याला लागून शेतांच्या मधोमध चकमकीच्या दगडांची एक तटबंदी उभी आहे. परीघ सुमारे अडीच किलोमीटर, आत चाळीसेक हेक्टर जमीन. एका कडेला मध्ययुगीन चर्च, बाकी सगळे कुरण. रोमन ब्रिटनमधले कॅलेवा अट्रेबाटम हे नगर या कुरणाखाली आहे. लंडन, यॉर्क, विंचेस्टर यांच्या डोक्यावर पुढे शहरांची थप्पीच रचली गेली. तिथे खोदायला मिळते ते एखादी जुनी इमारत पाडली की, आणि नवी उभी राहीपर्यंतच. कॅलेवा मात्र पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यान कधीतरी ओस पडले आणि पुन्हा तिथे कोणी शहर वसवले नाही. पुरातत्त्ववाल्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

या नगराचा एक तुकडा रेडिंग विद्यापीठाने १९९७ ते २०१४ अशी सलग १८ वर्षे, दर उन्हाळ्यात साधारण सहा आठवडे खोदला. खड्डा ५५ मीटर लांब, ५५ मीटर रुंद, म्हणजे ३,०२५ चौरस मीटर. एक एकरही नाही. मायकेल फुलफर्ड आणि अमांडा क्लार्क यांनी हे काम चालवले, आणि ते चालले मुख्यतः विद्यार्थ्यांच्या हातांनी.

या प्रकरणाकडे मी वळलो ते एका साध्या हिशेबामुळे. याच नगराचे उत्खनन लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेने १८९० ते १९०९ या काळात केले होते. वीस वर्षांत त्यांनी तटाच्या आतली जवळजवळ सगळी जमीन पालथी घातली. वर्षाला सरासरी दोन हेक्टर. रेडिंगवाल्यांनी अठरा वर्षांत हेक्टरचा एक तृतीयांश भागही पुरा केला नाही, आणि तोही आधीच खोदून झालेल्या जागेत, कारण इन्सुला ९ हा भाग पहिल्या मंडळींनी १८९३-९४ मध्ये हातावेगळा केला होता. मग या अठरा उन्हाळ्यांत काम पुढे सरकले म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

१८९३ चा नकाशा

रोमन नगरे रस्त्यांच्या चौकटीत आखलेली असत. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत, आणि चार रस्त्यांच्या मधला जो चौकोनी गट तो इन्सुला. जॉर्ज फॉक्स आणि विल्यम सेंट जॉन होप यांच्या देखरेखीखाली मजुरांनी एकेका इन्सुलामध्ये समांतर चर मारले. चराला भिंत लागली की चर सोडायचा आणि भिंतीच्या मागे लागायचे, ती कुठे वळते, कुठे संपते ते पाहायचे. भिंतीचे मोजमाप काढून झाले की माती परत लोटायची. या पद्धतीने त्यांनी ब्रिटनमधल्या एका अख्ख्या रोमन नगराचा नकाशा तयार केला. तोपर्यंत असा नकाशा कोणाकडेच नव्हता.

या मंडळींना अडाणी ठरवण्याची एक हौस आजच्या लिखाणात दिसते, ती मला पटत नाही. त्यांनी दरवर्षीचा अहवाल दरवर्षी छापला. आपल्याकडच्या कितीतरी उत्खननांचे अहवाल तीस-तीस वर्षे अडकून पडले आहेत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी इथे टोपी काढावी. खड्ड्यांतल्या चिखलातल्या बिया त्यांनी क्लेमेंट रीड या वनस्पती अभ्यासकाकडे ओळखण्यासाठी दिल्या होत्या, तेही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्यांच्या भिंतींची मापे शंभर वर्षांनी तपासली तेव्हा बरीचशी बरोबर निघाली.

चूक होती ती दुसरीकडे. त्यांना थर दिसत नव्हते. भिंत दिसली की ती ‘रोमन’, मग ती इसवी सन १०० ची असो की ३५० ची. नकाशावर सगळी घरे एकाच दिवशी उभी असल्यासारखी शेजारी शेजारी बसली. लाकडी घरे तर त्यांच्या चराला लागलीच नाहीत, कारण लाकूड कुजून गेल्यावर मागे उरतो तो मातीतला रंगातला फरक, आणि फावड्याने चर मारणाऱ्या मजुराला तो दिसावा अशी अपेक्षाच नव्हती. परिणामी कॅलेवाचे चित्र असे तयार झाले की ऐसपैस बागांमध्ये मोजकी दगडी घरे विखुरलेली आहेत, मधे नुसती मोकळी जमीन. हे चित्र पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकले.

त्या नकाशात इन्सुला ९ मध्ये एक घर तिरके दिसते. आजूबाजूचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि हे घर मात्र ईशान्य-नैऋत्य. रस्त्याशी त्याचे काही देणेघेणेच नाही. अभ्यासकांनी पुढे त्याला ‘घर क्र. १’ म्हटले. १८९३ मध्ये ते तिरके आहे एवढे कागदावर आले. का तिरके आहे, हे विचारायला लागणारा पुरावा त्याच्या खाली होता, आणि खाली कोणी गेले नाही.

उलटी वाट

उत्खननात वरचा थर शेवटचा असतो. त्यामुळे गोष्ट शेवटाकडून सुरू होते आणि आरंभ सर्वांत शेवटी हाताला लागतो. तिरक्या घराचे कारण जर त्याच्याही आधीच्या काळात असेल, तर ते कळण्यासाठी आधी रोमन काळाचा शेवट, मग मधला काळ, मग सुरुवातीचा काळ असे सगळे उचलून बाजूला ठेवावे लागणार. मधेच एक खोल खड्डा मारून तळ गाठण्याचा मार्ग असतो, आणि घाई असेल तर तो वापरतातही. पण दोन मीटर रुंदीच्या खड्ड्यात तुम्हाला थरांचा क्रम दिसतो, घराची दिशा दिसत नाही. दिशा दिसायला पसारा लागतो.

इथे आपल्याकडच्या पद्धतीचा संबंध येतो. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३० च्या दशकात व्हेरुलेमियम या रोमन नगराचे उत्खनन केले आणि १९४४ मध्ये ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्याच वर्षी तक्षशिलेत त्यांनी प्रशिक्षण शिबिर घेतले, १९४५ मध्ये रोमन व्यापाराशी जोडलेले अरिकमेडू खोदले. त्यांची चौकोनांची पद्धत आपल्या पुरातत्त्वाच्या अंगवळणी पडली ती तेव्हापासून: जागेवर चौकोन आखायचे, दोन चौकोनांच्या मधे न खोदलेली मातीची भिंत ठेवायची आणि त्या भिंतीच्या कापावर थर वाचायचे. शिस्त लावायला ही पद्धत उत्तम. पण लाकडी घराच्या खांबांचे खड्डे नेमके त्या न खोदलेल्या भिंतीखाली गेले, तर घर दोन तुकड्यांत तुटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात, मार्टिन बिडल यांच्या विंचेस्टरच्या उत्खननापासून मोठी मोकळी जागा एकदम उघडण्याकडे कल वळला. १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी थरांचे नाते दाखवणारा तक्ता मांडला, आणि त्यानंतर लंडनमध्ये प्रत्येक थराचा, प्रत्येक खड्ड्याचा स्वतंत्र नकाशा काढण्याची रीत रुळली. इन्सुला ९ याच रीतीने खोदले. मधे भिंती नाहीत. अख्खा ५५ बाय ५५ मीटरचा पट डोळ्यांसमोर, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतंत्र क्रमांकाने. (आपल्याकडे इनामगावलाही डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये मोठा पसारा उघडला, म्हणून शंभराहून जास्त ताम्रपाषाणयुगीन घरांचे गाव एकत्र दिसले. चार चौकोन खोदून थांबले असते तर ते दिसले नसते.)

एक खांबाचा खड्डा

मोसमात दिवसाला काय होते, हे लांबून कळत नाही. म्हणून एकच गोष्ट जवळून पाहू.

विद्यार्थी गुडघ्यावर बसून ट्रॉवेलने जमीन खरवडतो आहे. पिवळट खडीच्या जमिनीत पराती एवढा काळसर गोल दिसतो. उन्हाळा कोरडा असेल तर हा रंग तासाभरात उडतो, म्हणून पंपाने पाण्याचा हलका फवारा मारतात. ओल लागली की गोल पुन्हा उमटतो. त्याच्या मधोमध दोरी ताणून एक अर्धा भाग तसाच ठेवायचा आणि दुसरा अर्धा खोदायचा. मग उभा काप समोर येतो: मधे सैल काळी माती, म्हणजे खांब कुजला ती जागा, आणि दोन्ही बाजूंनी चकमकीचे दगड, खांब हलू नये म्हणून ठोकलेले. फोटो, पातळी, मोजपट्टीने आकृती. मग तक्ता भरायचा. मातीचा रंग कोणता, पोत कसा, कोळशाचे कण आहेत का, खापरे किती. आणि सर्वांत महत्त्वाचे रकाने: हा खड्डा कशातून खाली कापला आहे, आणि त्याच्यावर काय बसले आहे. उरलेला अर्धा भाग खोदून त्याची माती चाळणीला किंवा फ्लोटेशनला पाठवायची, म्हणजे पाण्यात कालवून वर तरंगलेली जळकी दाणे-बोंडे वेगळी काढायची.

एक खांब झाला. घराला असे वीस-पंचवीस खांब असू शकतात, आणि एकाच जागेवर चार वेळा घर उठलेले असेल तर शंभर गोल एकमेकांत घुसलेले. कोणता कोणाचा, हे ठरवण्याचे हत्यार म्हणजे ते दोन रकाने. एखाद्या विद्यार्थ्याने घाईत ‘वर’ आणि ‘खाली’ची अदलाबदल केली, तर कागदावर नातू आजोबाच्या आधी जन्मतो.

असा सगळा कागद इन्सुला ९ मध्ये संगणकावर एका पुरातत्त्वीय माहितीकोशात जात होता. २००७ ते २००९ या काळात त्यांनी डिजिटल पेनांचाही प्रयोग केला, म्हणजे चिखलात उभे राहून तक्त्यावर लिहिलेले थेट संगणकात उतरावे. माणसे बदलली तरी काम पुढे चालत राहावे याची तयारी त्यात आहे. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी तिथे नसतो, त्याच्या हातचा तक्ताच तेवढा असतो.

आडवे येणारे खड्डे

काम हळू चालण्याचे दुसरे कारण म्हणजे त्या जागेवर राहणारे लोक स्वतःच खोदकामाचे शौकीन होते. रोमन काळाच्या उत्तरार्धात इथे विहिरी, संडासाचे खड्डे आणि कचऱ्याचे खड्डे पडले, त्यांतले काही वरपासून थेट तळापर्यंत. चौथ्या शतकातला खड्डा पहिल्या शतकाची जमीन फोडून जातो आणि तिथली खापरे वर उपसून टाकतो. त्यामुळे कुठल्याही एका उन्हाळ्यात खड्ड्यात उभे राहून ‘आपण आता अमुक सालात आहोत’ असे म्हणता येत नाही. उजवा पाय तिसऱ्या शतकात, डावा पाय विहिरीच्या भरावात.

त्यात भर म्हणून १८९३ चे चर होतेच. त्यांची माती सगळ्या काळांची सरमिसळ असते, म्हणून ते आधी रिकामे करावे लागतात. गंमत अशी की रिकामे केल्यावर ते उपयोगी पडतात. चराच्या दोन बाजूंवर थरांचा आयता काप मिळतो, पुढे काय येणार आहे त्याची चाहूल लागते. व्हिक्टोरियन मंडळींनी दोन चरांच्या मधला भाग बहुधा सोडून दिला होता. ‘वरचे थर तर त्यांनी खराबच केले असतील’ या समजुतीने रेडिंगवाले यंत्राने वरची माती ओरबाडून खाली गेले असते, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. सुरुवातीचे कित्येक मोसम त्यांनी याच वरच्या, फाटक्या थरांत घालवले. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि अनुदान देणाऱ्यांना समजावून सांगायला सर्वांत अवघडही. चार-पाच वर्षे झाली तरी तुम्ही अजून चौथ्या शतकातच?

त्या फाटक्या थरांतून नगराच्या शेवटच्या काळातली माणसे दिसू लागली. ओसाड बागेऐवजी कामाच्या जागा, लाकडी घरे, उकिरडे. खड्ड्यांत मुद्दाम भोक पाडलेली अख्खी मडकी सापडली. कुत्र्यांची हाडे भरपूर, आणि त्यांतल्या काहींवर कातडे सोलताना सुरी लागल्याच्या खुणा. एका खड्ड्यात मिटवता येणारा चाकू निघाला, हस्तिदंती मूठ आणि मुठीवर कोरलेले कुत्र्यांचे जोडपे, मीलनाच्या क्षणी पकडलेले. वृत्तपत्रांना असे काही मिळाले की ते पहिल्या पानावर घेतात. पुरातत्त्ववाल्याच्या दृष्टीने त्या चाकूपेक्षा तो कोणत्या खड्ड्यात, कशाच्या सोबत आणि कोणत्या थरानंतर पडला, हे जास्त बोलके असते.

जुन्या मोसमाचा एक धागाही इथे जुळला. १८९३ मध्ये याच इन्सुलामधल्या एका खोल खड्ड्यात एक बुटका रोमन खांब सापडला होता आणि त्यावर ओघम लिपीत मजकूर कोरला होता. ओघम ही मूळची आयर्लंडची लिपी, दगडाच्या कडेवर रेघा मारून लिहिलेली. मजकुरात एका आयरिश माणसाचे नाव आहे, एबिकाटोस किंवा टेबिकाटोस असे ते वाचतात. आयर्लंडपासून इतक्या दूर, दक्षिण इंग्लंडच्या मध्यावर हा दगड आला कसा, यावर शंका घेतल्या गेल्या होत्या. रेडिंगच्या उत्खननात ती जागा पुन्हा शोधून तपासली, आणि दगडाचा काळ व खरेपणा यांवर नव्याने बोलता आले. जुन्या खोदकामाची नोंद असली आणि जागा जपलेली असली, तर शंभर वर्षांनीही असा फेरतपास करता येतो.

घर का तिरके होते

खाली जाताना घर क्र. १ चे एकच ‘घर’ राहिले नाही. १८९३ च्या नकाशात जी एक इमारत दिसत होती, ती वेगवेगळ्या वेळी बांधलेल्या, वाढवलेल्या, जोडलेल्या वास्तूंची मालिका निघाली. आणि तिच्याखाली लाकडी घरे होती, त्यांच्याखाली आणखी लाकडी घरे. पिढ्यान्पिढ्या माणसे त्याच जागेवर, त्याच तिरक्या दिशेने घर बांधत राहिली होती. घराच्या भोवतीची रोमन रस्त्यांची चौकट पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आखली गेली. घराने तिकडे लक्षच दिले नाही. पेठेतला एखादा जुना वाडा रस्तारुंदीकरणानंतरही आपल्या जुन्या कोनातच उभा असतो आणि नव्या रस्त्याला त्याचा कोपरा तेवढा भिडतो, त्यातला हा प्रकार.

शेवटच्या काही मोसमांत तळ लागला, आणि तिथे उत्तर होते. रोमनांच्या आधी, लोहयुगाच्या शेवटी, इथे अट्रेबाटेस या टोळीची वसाहत होती. इसवीसनापूर्वीच्या अखेरच्या दशकांतच तिथे आखीव गल्ल्या होत्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, पण रोमन रस्त्यांच्या मानाने तिरक्या. गल्ल्यांच्या मधे कुंपणांनी वेगळ्या केलेल्या जागा, आणि एका जागेत लाकडाची एक भलीमोठी आयताकृती वास्तू, सुमारे पन्नास मीटर लांब. घर क्र. १ ची दिशा तीच होती. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले, रस्ते नव्याने आखले गेले, सत्ता बदलली, भाषा बदलली, मडकी बदलली, आणि इन्सुला ९ मधल्या या तुकड्यावर जमिनीच्या जुन्या हद्दी दोनशे वर्षांहून जास्त टिकल्या.

मग साधारण २५० ते ३०० च्या दरम्यान कधीतरी तिरके घर पाडले गेले आणि नव्या इमारती रस्त्याला समांतर उभ्या राहिल्या. फुलफर्ड आणि त्यांचे सहकारी या टप्प्याला मोठे वळण मानतात. मालकी बदलली असेल, की नगराच्या कारभाराने जागा ताब्यात घेतली असेल, की कुटुंब संपले असेल? पुरावा एवढेच सांगतो की हद्द मोडली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की ‘रोमन विजय’ नावाची जी ठळक रेघ आपण इतिहासाच्या पुस्तकात ओढतो, तिच्यापेक्षा या एका घरापुरती तरी तिसऱ्या शतकातली ही अनामिक रेघ जास्त खोल गेली होती.

तळाच्या थरांनी आणखी एक समज बदलला. लोहयुगाच्या विहिरींमधल्या ओल्या गाळात बिया टिकून राहिल्या होत्या. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासक लिसा लॉडविक यांनी त्या तपासल्या. त्यांत सेलरी निघाली, धने निघाले आणि ऑलिव्हची बी निघाली, तीही ४३ च्या आधीच्या थरात. ही रानातली नव्हेत, समुद्रापलीकडून आणलेली चव होती. रोमन सैन्य येण्याच्या आधीच कॅलेवाच्या कोणा तरी स्वयंपाकघरात भूमध्य समुद्राकडचा मसाला पडत होता. ही बी घमेल्यात दिसत नाही. बादलीभर गाळ पाण्यात कालवून, बारीक चाळणीतून काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसल्यावर दिसते. वर्षाला दोन हेक्टर जमीन उपसणाऱ्याला ती कधीच दिसली नसती.

तसेच मातीचे रसायन. सुरुवातीच्या रोमन काळातल्या घरांच्या जमिनी आणि चुलींभोवतीच्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा तांब्याचे मिश्रधातू आणि मौल्यवान धातू यांचे काम तिथे झाल्याच्या खुणा मिळाल्या. हाताला एकही दागिना न लागता सोनार-तांबटांची जागा कळली.

हिशेब

अठरा वर्षांत किंमतही मोजावी लागली. उत्खननातून निघालेल्या खापरांचे, हाडांचे, नमुन्यांचे विश्लेषण उत्खननापेक्षा जास्त वेळ घेते, आणि लेखनाला त्याहून जास्त. उत्तर रोमन काळावरचा खंड २००६ मध्ये आला, मधल्या काळावरचा २०११ मध्ये, लोहयुगावरचा २०१८ मध्ये, म्हणजे खोदकाम संपल्यावर चार वर्षांनी. विजयानंतरच्या पहिल्या दशकांचा खंड २०२० मध्ये. जो प्रश्न १८९३ च्या नकाशावर होता, त्याचे पूर्ण उत्तर छापील रूपात यायला सव्वाशे वर्षे लागली. वर्षाला एक अहवाल छापणाऱ्या फॉक्स आणि होप यांनी हे ऐकून भुवया उंचावल्या असत्या.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची. हे शिक्षणासाठीचे उत्खनन होते. दरवर्षी नवे हात येत, पहिला आठवडा खापर आणि दगड यांतला फरक शिकण्यात जाई, आणि हात बसला की मोसम संपे. व्यावसायिक पथकाने हेच काम कमी वर्षांत केले असते, यात मला शंका नाही. पण पुरातत्त्वाच्या एका अख्ख्या पिढीने ‘वर’ आणि ‘खाली’ हे रकाने याच खड्ड्यात बसून भरायला शिकले. मोसमाचा वेग विचारताना हा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. मी तो कामातच धरतो.

आणि सगळे खोदले नाही. ५५ बाय ५५ मीटरचा खड्डा म्हणजे इन्सुला ९ चा एक भाग, अख्खी इन्सुला नव्हे. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर तो खड्डा मातीने भरून टाकला. पथक आधीच, २०१३ पासून, इन्सुला ३ कडे वळले होते, आणि २०१८ पासून नगराच्या सार्वजनिक स्नानगृहांकडे. दोन्ही जागा पुन्हा व्हिक्टोरियन मंडळींनी आधी खोदलेल्या, म्हणजे त्यांच्या चरांपासून सुरुवात. आज सिल्चेस्टरला गेलात तर तटावरून फेरफटका मारता येतो, तटाबाहेरचे रंगमंडळ पाहता येते. तिरके घर जिथे होते तिथे गवत आहे. ओघमचा दगड आणि १८६६ मध्ये नगराच्या सभागृहात सापडलेला कांस्याचा गरुड रेडिंगच्या संग्रहालयात आहेत. इन्सुला ९ चा न खोदलेला भाग संरक्षित स्मारक म्हणून तसाच ठेवला आहे, पुढच्या कोणासाठी तरी.